लान्ह, राहणार तान लाक

ताममावशी जन्मली ती त्रा विन्ह प्रांतात. तिचं लग्न झालं तेव्हा त्याच गावाच्या पाटीवर विन्ह बिन्ह प्रांत असं लिहिलेलं होतं. मुलगा सैन्यात गेला तो कुऊलाँग प्रांतातून, आणि त्याची हाडं शोधायला ती बाहेर पडली तोवर कुऊलाँग मोडून आम्ही परत त्रा विन्हवाले झालो होतो. एवढ्या काळात तिच्या घराचा एक खांब जागचा हलला नव्हता.

मी खिएम. तान लाकच्या कचेरीत चाळीस वर्षं कारकून होतो. तिची गोष्ट मलाच सांगायला हवी, कारण तिच्या दुःखातला एक भाग माझ्या हातचा आहे.

आमचं तान लाक को चिएन नदी समुद्राला मिळते तिथं, वाळूच्या शेवटच्या उंचवट्यावर. उंचवट्यावर घरं, मागं खाजण, पुढं सुरूची रांग आणि मग समुद्र. मावशीचा नवरा दोम, तो नदीच्या तोंडाशी डोल, म्हणजे मोठं जाळं, लावायचा. मूल एकच जगलं, लान्ह. मी त्याच्याहून वर्षाने मोठा. तो बोलायला हळू होता, हसायला त्याहून हळू, आणि माडावर चढायला मात्र कुणाला ऐकायचा नाही. अकराव्या वर्षी माडावरून पडला आणि डाव्या हाताचं हाड मोडलं. दोमकाकांनी बांबूच्या कामट्या बांधून ते बसवलं, पण वाकडंच बसलं. पुढं तो हात सरळ केला तरी मनगटाच्या वर उंचवटा दिसायचा.

त्र्याऐंशी साली कंबोडियाच्या सरहद्दीसाठी मुलं मागवली. गावातून चौदा जण गेले. यादी मी केली. मी वीस वर्षांचा, कचेरीत नवा, अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी मलाच बसवलं. नाव, गाव, तालुका, प्रांत असं लिहायचं होतं. तीन प्रती हातानं काढायच्या आणि दुपारची बोट गाठायची. शेवटच्या प्रतीत मी तालुका गाळला. आडनावानंतर ‘लान्ह, तान लाक, कुऊलाँग’ एवढंच लिहिलं. मला वाटलं, कुऊलाँगमधलं तान लाक म्हणजे आमचंच. आमच्या प्रांताला विन्ह लाँगची सगळी फळबागायत जोडून सात वर्षं झाली होती, पण तिकडं आतल्या भागात आणखी एक तान लाक आहे हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या मुलखात तान म्हणजे नवं. नव्यानं वसलेल्या निम्म्या गावांची नावं अशीच.

सैन्याबरोबर तीच प्रत गेली.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात कागद आला. लान्ह पश्चिमेच्या डोंगरात पडला, तिथंच पुरला. मावशीला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. तिनं विचारलं, “तिथं म्हणजे कुठं?” कागदावर डोंगराचं नाव नव्हतं. दोमकाका डोल शिवत बसले होते, ते शिवतच राहिले. पाच वर्षांनी ते खोकल्यानं गेले. त्यांना घरामागं, सुरूच्या रांगेच्या आत पुरलं. मावशीनं शेजारी एका माणसाची जागा मोकळी सोडली आणि तिच्याभोवती शिंपल्या मांडल्या.

नव्वदनंतर सरहद्दीपलीकडून हाडं आणायला सुरुवात झाली. सोबत्यांनी पुरताना पेनिसिलिनच्या बाटलीत नावाची चिठ्ठी घालून ठेवलेली असायची. ज्या प्रांताचं नाव, त्या प्रांताकडं पेटी. पण ब्याण्णवात कुऊलाँग मोडला. अर्धा त्रा विन्ह, अर्धा विन्ह लाँग. कुऊलाँगचं मुख्य ठाणं विन्ह लाँग शहरात होतं, म्हणून जुनी दप्तरं तिकडं राहिली. आमच्याकडं गठ्ठे आले ते अर्धेमुर्धे, वाळवीनं खाल्लेले.

मावशीनं पहिला अर्ज त्याच वर्षी केला. लिहिला मी. उत्तर आलं की हे प्रकरण विन्ह लाँगकडचं असावं. विन्ह लाँगनं कळवलं, तुमचं गाव आमच्या हद्दीत नाही. ती दोन्ही उत्तरं घेऊन पहाटे निघायची, आधी होडी, मग बस, मग तराफा, मग पुन्हा बस. भात आणि सुकी मासळी केळीच्या पानात बांधून न्यायची. तिकडच्या कचेरीत बाकावर बसायची. एकदा तिथल्या एका कारकुनानं तिला गमतीनं विचारलं, आजी, तुम्ही कुठल्या प्रांताच्या ते आधी ठरवून या ना. तिनं ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली, “खरंच रे, कुठली मी?”

मी अर्जांमागून अर्ज लिहीत गेलो. माझ्या यादीबद्दल तिला काही बोललो नाही.

इकडं समुद्र पुढं सरकत होता. पूर्वी नदी गाळ आणायची, पुळण वाढायची. माझ्या आज्यानं खारफुटी लावली ती समुद्रात चालत जाऊन. मग वरच्या बाजूला नदीवर बंधारे झाले, वाळूच्या होड्या भरून जाऊ लागल्या, आणि गाळ येईनासा झाला. तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाआधी ईशान्येचा वारा सुटला की दर वर्षी दहा-वीस पावलं जमीन जायची. आधी सुरूची बाहेरची रांग गेली. मग गोड्या पाण्याची विहीर खारी झाली, पुढल्या वर्षी तिचा कठडा लाटांत उभा दिसायचा.

लोक आपापल्या माणसांच्या कबरी उकरून आत नेऊ लागले. मी मावशीला म्हटलं, काकांना हलवूया. मागच्या उंचवट्यावर गावानं जागा दिलीय.

ती म्हणाली, “दोनदा नको उठवायला त्यांना. लान्ह मिळाला की दोघांना बरोबरच नेईन.”

पुढल्या वर्षी मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, अजून पंधरा पावलं आहेत. पंधरा पावलं तिनं स्वतः मोजली होती. त्या मोसमात उधाण तीन दिवस उतरलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि हातांनी वाळू चाचपत होती. सुरूची मुळं वर आलेली, शिंपल्या नाहीत, कबर नाही. आम्ही सहा-सात जणांनी ओहोटीभर शोधलं. पेटीची एक फळी मिळाली. ती तिनं छातीशी धरली आणि घरी नेली, आणि दोन दिवस दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती कचेरीत आली. डोळे सुजलेले, आवाज कोरडा. “माझ्यामुळं गेले ते,” म्हणाली. “आता लान्हला कुठं ठेवू?”

त्या दिवशी मला ठरवावं लागलं, कारण माझ्या अर्धवट पत्त्यामुळं पेटी विन्ह लाँगकडं गेली असेल असं मला वाटू लागलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी तिकडच्या हुतात्म्यांच्या दफनभूमी एकेक करून पालथ्या घालायला लागलो. मोटारसायकल, वही आणि पाण्याची बाटली. दीड वर्ष गेलं. दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये, पपनसाच्या बागांमधल्या एका लहानशा दफनभूमीत, चौथ्या रांगेत मला दगड दिसला. ‘हुतात्मा लान्ह, तान लाक, कुऊलाँग’. आडनाव नाही. बाकी माझी शेवटची प्रत जशीच्या तशी दगडावर उतरली होती.

दगडापुढं ताज्या उदबत्त्या होत्या. वाटीत पपनसाच्या सोललेल्या फोडी.

राखणदार म्हणाला, त्याची आई ठेवून जाते. दर आठवड्याला येते, तान लाकची साऊबाई. तिचाही लान्ह तिकडंच गेलेला, फान घराण्यातला. पेटी आली तेव्हा चिठ्ठीवरचं आडनाव ओलीनं पुसलेलं होतं, पण नाव होतं आणि गाव होतं. तेरा वर्षं झाली, एक आठवडा चुकली नाही.

मी मावशीला सगळं सांगितलं. ती चटकन उठली आणि चप्पल शोधू लागली. दुपार झाली होती, शेवटची होडी गेली होती. दुसऱ्या दिवशी गेलो.

साऊबाई घरीच होती. सत्त्याहत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली, एका डोळ्यात पांढरं पडलेलं. आम्ही समुद्राकडच्या तान लाकचे म्हणताच तिला कौतुक वाटलं. तिनं आम्हाला पपनस सोलून दिलं, मीठ-मिरची लावून. तिच्या देव्हाऱ्यावर तिच्या लान्हचा फोटो होता, रुंद कपाळ, दात पुढं. मावशी त्या फोटोकडं बघत राहिली.

“तुमचा कितव्या वर्षी गेला?” साऊबाईनं विचारलं.

“एकविसाव्या.”

“माझा बाविसाव्या. तुमचा मिळाला का हो?”

मावशी म्हणाली, “नाही अजून.”

“मिळेल,” साऊबाई म्हणाली. “माझा सोळा वर्षांनी आला. तुम्ही सोडू नका.”

घरी आल्यावर आठ दिवस तिला जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी म्हणाली, “अर्ज लिही. तिचं घर मोडणार आहे हे मला कळतं. पण मी काय करू, खिएम? मला त्याचा हात बघायचा आहे.”

अर्ज मंजूर व्हायला दहा महिने लागले. कबर उघडताना दोन्हीकडच्या माणसांनी हजर राहायचं असं ठरलं. साऊबाईला तिच्या गावच्या लोकांनी सांगितलं होतं, नुसती खात्री करायची आहे. ती नवी पांढरी ओढणी घेऊन आली होती, हाडं पुसायला. आम्हाला बघून ती थबकली. मग तिला समजलं. ती कबरीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

मातीची पेटी वर काढली. आतलं कापड कुजलेलं होतं. एका माणसानं हाडं पांढऱ्या कापडावर क्रमानं मांडायला घेतली, कवटी, बरगड्या, मग हात. डाव्या हाताचं हाड मनगटाच्या वर वाकडं होतं, आणि त्या जागी सुपारीएवढी गाठ.

मावशीनं गळ्यातला रुमाल तोंडाला लावला. आवाज मात्र साऊबाईचा आला.

“माझ्या लान्हचा हात कधी मोडला नव्हता,” ती म्हणाली. अगदी हळू, जशी स्वतःला विचारते आहे. मग तिनं त्या माणसांकडं बघितलं, माझ्याकडं, मावशीकडं. “मग माझा कुठं आहे?”

तिनं हातातली ओढणी घडी घालून मावशीपुढं धरली. “पुसून घ्या,” म्हणाली. “तुमचाच आहे.” आणि नातवाच्या खांद्याला धरून निघून गेली. मागं वळून बघितलं नाही.

तपासणीसाठी हाडाचा तुकडा गेला, दोघींचं रक्त गेलं. पण आम्हाला कुणालाच शंका उरलेली नव्हती.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी मावशीला यादीबद्दल सांगितलं. एकतीस वर्षं सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं, तालुका गाळला तो मी, दोन तान लाकांचा गोंधळ झाला तो माझ्यामुळं. ती खिडकीबाहेर बघत होती. ऐकून घेतलं. मग ड्रायव्हरला बस थांबवायला सांगितली आणि उतरली. मीही उतरू लागलो तर म्हणाली, “तू बस.” मी बसलो. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून पुढच्या बसची वाट बघत होती, ते मला मागच्या काचेतून बराच वेळ दिसत राहिलं.

चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. वाटेत भेटली तर मान फिरवायची. मला ते बरं वाटायचं, कारण कुणीतरी शिक्षा देतं आहे असं वाटायचं. मग तपासणीचं पत्र आलं. ते घेऊन ती माझ्या दारात आली.

“वाच,” म्हणाली. “दुसरं कोण आहे मला वाचून दाखवायला.”

हाडं तिच्या मुलाचीच होती. आम्ही त्याला आणलं. घर तोवर समुद्रात गेलं होतं, तिला सरकारी वस्तीत एक खोली मिळाली होती, पत्र्याची, ओळीतली तेविसावी. लान्हला आमच्याकडच्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत, वाळूच्या जुन्या उंचवट्यावर ठेवलं. समुद्र तिथून सात किलोमीटर आहे. माणसं जमली, भाषण झालं, बिगुल वाजला. मावशीनं दोमकाकांच्या पेटीची ती फळी लान्हच्या पेटीत घातली. सगळे पांगल्यावर ती दगडाजवळ बसली आणि मी विचारलं, बरं वाटतंय का मावशी. ती म्हणाली, “नाही रे. त्या बाईचा चेहरा जात नाही.”

आठवड्यानं ती पुन्हा त्या पपनसाच्या गावी गेली. एकटीच. साऊबाईनं तिला घरात घेतलं. देव्हाऱ्यावरचा फोटो काढून ठेवलेला होता. तिच्या सुनेनं सांगितलं, आई दिवसभर ओसरीवर बसून असतात. म्हणतात, चौदा वर्षं मी दुसऱ्याच्या मुलाला जेवायला घातलं, चौदा वर्षं माझा उपाशी. मावशीनं तिच्यापुढं हात जोडले. साऊबाई म्हणाली, “तुमचा काय दोष. तुम्ही शोधलंत. मी शोधायचं थांबवलं.”

मावशी परत आली आणि मला म्हणाली, “तिचा आपल्याकडं असेल. आपला तिकडं गेला, तसा तिचा इकडं आला असेल. तू वही काढ.”

मला हे पटण्यासारखं नव्हतं. एका चुकीची दुसरी चूक भरपाई करतेच असं नाही. सरहद्दीवर बिननावाचे हजारो दगड आहेत, तो त्यांत असेल, किंवा अजून त्या डोंगरातच. पण मी वही काढली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती माझ्या मोटारसायकलच्या मागं बसली. आमच्या प्रांतातल्या दफनभूमी आम्ही घ्यायला लागलो. तिला वाचता येत नव्हतं, पण ‘लान्ह’ ही अक्षरं तिनं डोळ्यांनी पाठ केली होती. ती एका टोकानं सुरू करायची, मी दुसऱ्या. तिला लान्ह दिसला की हाक मारायची, मी धावत जायचो, आडनाव बघायचो, गाव बघायचो. कधी काऊ न्यांग तालुक्याचा, कधी त्रा कूचा. कधी साल पुढचं-मागचं. दर वेळी ती म्हणायची, “हाही कुणाचा तरी आहे,” आणि एक उदबत्ती लावायची.

दर महिन्याला ती साऊबाईला निरोप पाठवायची, कुठलं झालं, कुठलं राहिलं. उलट निरोप कधी यायचा नाही. फक्त एकदा पपनसाची एक पिशवी बसनं आली, त्यावर मावशीचं नाव होतं. ती पपनसं तिनं खाल्ली नाहीत. लान्हच्या दगडापुढं ठेवून आली.

दोन हजार एकोणीसच्या तेतनंतर साऊबाई गेली. आम्ही गेलो होतो. सून म्हणाली, शेवटचे दोन महिने त्या नुसत्या फाटकाकडं बघायच्या. मावशी तिच्या कबरीशी बसली आणि तिनं तिला हिशोब दिला, किती जागा पाहून झाल्या, किती उरल्या. मी बागेत जाऊन थांबलो.

आता सांगायला फार उरलं नाही. गेल्या वर्षी मावशीच्या कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ती त्या तेविसाव्या खोलीत खाटेवर असते. मी निवृत्त झालो. उरलेल्या जागा मी एकटा फिरतो. यंदाच्या जुलैत तालुके बंद झाले आणि प्रांत पुन्हा जोडले, आम्ही, बेन त्रे आणि विन्ह लाँग, मिळून एकच विन्ह लाँग. वस्तीवरच्या पाट्या नव्यानं रंगवल्या. मी मावशीला सांगितलं.

तिनं विचारलं, “म्हणजे साऊताईचं तान लाक नि आपलं पुन्हा एकाच प्रांतात?”

“हो.”

“आणि तालुका नाही?”

“नाही.”

“मग आता कुणी हरवलं तर कुठं शोधायचं रे?”

नव्या कचेरीत मी नवा अर्ज दिला आहे, फान लान्हच्या नावानं. पोच मिळाली. उत्तर आलेलं नाही. त्याची आई नाही, भाऊ नाही, पुतणा दूर कारखान्यात, त्याला या सगळ्यात पडायला वेळ नाही. अर्जदार म्हणून माझं नाव आहे.

परवा दक्षिणेकडच्या एका दफनभूमीतली नावं उतरवून आणली. एकशे बारा. दुपारी मावशीच्या खाटेशी बसून वाचली. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून प्रत्येक नाव दोनदा, गाव दोनदा. तीन लान्ह निघाले. एकाचं गाव वेगळं, दुसऱ्याचं वय वेगळं, तिसऱ्याचं नुसतं नाव, बाकी कोरं.

“त्या तिसऱ्याला उदबत्ती लावलीस का?” तिनं विचारलं.

लावली म्हटलं. खरं म्हणजे पाऊस होता, उदबत्ती पेटलीच नाही. तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली, म्हणून वही बंद केली. तर म्हणाली, “साठाव्यापासून परत वाच. मधलं मला नीट ऐकू आलं नाही.”

मी साठाव्यापासून परत वाचायला घेतलं.